हातचा का सुटतो? : घरचा ताण आणि वर्गातले मूल

दोन अंकी संख्यांची बेरीज करताना एकक स्थानाची बेरीज नऊच्या वर गेली, की एकक खाली लिहायचा आणि दशक ‘हातचा’ म्हणून मनात धरायचा, ही रीत प्राथमिक शाळेतील प्रत्येक मूल शिकते. या छोट्याशा कृतीत मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात; पुढच्या घरातील अंकांकडे लक्ष द्यावे लागते आणि मघाचा हातचा विसरूनही चालत नाही. हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत त्याला लागणारी माहिती डोक्यात तात्पुरती धरून ठेवण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. कार्यस्मृतीची जागा मोठ्या माणसांच्या मनातही फार थोडी असते आणि लहान मुलांच्या मनात त्याहूनही थोडी. आज बाबा पिऊन येतील का, काल रडत झोपलेली आई दुपारी घरी असेल ना, भाडे थकल्यामुळे खोली सोडावी लागली तर कोठे जायचे, अशा प्रश्नांनी ती जागा आधीच अडवलेली असेल, तर हातचा सुटतो. वहीवर लाल खूण उमटते ती बेरीज चुकल्याची. ती का चुकली याची नोंद शाळेच्या कोणत्याही दप्तरात होत नाही.

मुलाची हुशारी, मुलाची मेहनत आणि शिक्षकाचे कौशल्य या तीन गोष्टींवर शिक्षण उभे असते, असे सामान्यतः मानले जाते. चौथी गोष्ट, म्हणजे मुलाच्या मनाची त्या दिवसाची अवस्था, ही घरात घडते आणि शाळेत भोगली जाते. ती समजून न घेता दिलेली शिक्षा, शेरा किंवा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी पडतो.

‘कठीण घर’ म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम गरीब घर येते. परंतु गरिबी आणि घरातील दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी त्या पुष्कळदा हातात हात घालून येत असल्या तरी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या वैद्यकीय संशोधकांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आबाळ, आईवर होणारी हिंसा, घरातील व्यसन, घरातील कोणाचा मानसिक आजार, कोणाला झालेला तुरुंगवास, आईवडिलांचे विभक्त होणे अशा अनुभवांना त्यांनी ‘बालपणातील प्रतिकूल अनुभव’ असे नाव दिले. उत्तरे देणारे लोक बहुतांशी शिकलेले आणि आरोग्यविमा असलेले मध्यमवर्गीय होते. तरीही जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी असा किमान एक अनुभव सांगितला, आणि दर पाचांत एकाहून अधिक लोकांच्या वाट्याला असे तीन किंवा अधिक अनुभव आलेले होते. अनुभवांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसे पुढील आयुष्यातील व्यसन, नैराश्य आणि हृदयविकारासारख्या आजारांचे प्रमाणही वाढलेले आढळले.

भारतातील चित्र याहून दिलासादायक नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते, आणि त्यांतील दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगितले होते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे २५ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. हा आकडा स्त्रियांचा म्हणून वाचला जातो. परंतु एका खोलीच्या घरात आईला मार बसत असताना मूल बहुधा त्याच खोलीत असते, पांघरुणाखाली डोळे मिटून जागे असते, आणि सकाळी तेच मूल प्रार्थनेच्या रांगेत उभे असते.

अशा रात्रीनंतर शरीरात काय घडते, हे आता पुष्कळ स्पष्ट झाले आहे. धोका जाणवताच मेंदू शरीराला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश वाहून नेणारी द्रव्ये, वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात आणि सारे लक्ष धोक्यावर खिळते. परीक्षेपूर्वीची धडधड किंवा स्पर्धेआधीची धास्ती हा याचाच सौम्य प्रकार असून तो मुलाच्या वाढीला पोषकच ठरतो, कारण तो थोड्या वेळात ओसरतो. आजीचा मृत्यू किंवा घरातील मोठे आजारपण यांसारखा ताण तीव्र असला, तरी जवळचे मोठे माणूस धीर देणारे असेल, तर मूल त्यातून सावरते. परंतु धोका रोजचा असेल, तो केव्हा येईल याचा भरवसा नसेल, आणि ज्याने जवळ घ्यायचे तोच धोक्याचे कारण असेल, तर सज्जतेची ही यंत्रणा बंदच होत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ जॅक शॉन्कॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिसऱ्या प्रकाराला ‘विषारी ताण’ असे नाव दिले. अशा ताणाचा भार मेंदूच्या तीन भागांवर विशेष पडतो: भीती ओळखणारा अमिग्डाला, आठवणी साठवण्यास मदत करणारा हिप्पोकॅम्पस, आणि कपाळामागचा तो भाग जो लक्ष एकाग्र करतो, आवेग आवरतो आणि पुढचा विचार करतो. शाळा मुलाकडून दिवसभर जे मागते, ते मुख्यतः यांतील शेवटच्या दोन भागांचे काम असते.

वर्गात हा ताण निरनिराळी रूपे घेऊन येतो. पहिले रूप विसराळूपणाचे. काल पाठ झालेली कविता आज आठवत नाही, फळ्यावरची ओळ वहीत उतरवताना मधला शब्द गळतो, तीन सूचना एकदम दिल्या तर तिसरी ऐकूच येत नाही. दुसरे रूप अतिदक्षतेचे. टेबलावरून डस्टर खाली पडला, तर वर्गातील इतर मुले हसतात, पण एखादे मूल दचकून दोन्ही हात डोक्यावर घेते आणि भानावर आल्यावर आजूबाजूला कोणी पाहिले का हे पाहते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील सेथ पोलॅक यांच्या प्रयोगांत असे दिसले, की ज्या मुलांनी घरी मार खाल्लेला असतो, ती मुले चित्रातील चेहऱ्यावरचा राग इतर मुलांपेक्षा लवकर, अगदी अंधूक चित्रातूनही, ओळखतात. घरात ही नजर त्यांना वाचवते. वडिलांच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ज्याला कळते, ते मूल वेळीच बाजूला होते. तीच नजर वर्गात मात्र त्याला घातक ठरते, कारण ज्याला सतत रागाची चाहूल घेण्याची सवय लागलेली असते, त्याला शेजारच्या मुलाचा सहज लागलेला धक्का हल्ला वाटतो, शिक्षकाचा उंच झालेला आवाज धमकी वाटतो, आणि त्याचा हात विचाराच्या आधी उठतो. शाळेच्या भाषेत तो ‘भांडखोर’ ठरतो.

तिसरे रूप मौनाचे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. असे मूल भांडत नाही, प्रश्न विचारत नाही, शेवटून दुसऱ्या बाकावर बसून नेमून दिलेले सारे करते आणि कोणाच्याही नजरेत भरत नाही. मुलींच्या वाट्याला हे रूप अधिक येते, कारण त्यांना दुःख गिळण्याचे वळण लहानपणापासून लावलेले असते. घरातील भांडणे मिटवणारी, आईला समजावणारी, धाकट्यांना निजवणारी ही मुलगी ‘वयाच्या मानाने फार समजूतदार’ म्हणून वाखाणली जाते. परंतु वयाआधी आलेले शहाणपण ही पुष्कळदा बालपण देऊन घेतलेली वस्तू असते. सुस्थितीतील घरांतही हे मौन आढळते. जेथे आईवडील एकमेकांशी मुलामार्फत बोलतात, जेथे नव्वद टक्क्यांवरच माया अवलंबून असते, तेथे मार नसला तरी मुलाला स्वस्थपणाही नसतो.

गरिबी या सगळ्याला आणखी एक धार देते. आनंदी मणी, सेंधिल मुलैनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, म्हणजे पैशांची तंगी असताना, आणि तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर तर्काच्या व एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या, तेव्हा तंगीच्या काळातील निकाल लक्षणीय रीतीने खालावलेले आढळले. माणसे तीच होती. चिंतेने त्यांच्या बुद्धीचा एक हिस्सा अडकवून ठेवला होता. तंगीत प्रौढ शेतकऱ्याचे डोके इतके अडकत असेल, तर त्याच घरातील नऊ वर्षांच्या मुलाकडून वर्गात पूर्ण लक्षाची अपेक्षा करताना थोडे थांबून विचार करायला हवा.

महाराष्ट्रात ऊसतोडणी करणाऱ्यांच्या घरांत हे चित्र सर्वांत ठळकपणे दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे ‘उचल’, फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून राबतात, आणि गावी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही बरोबर जातात. शाळेचे हजेरीपत्रक पाहिले, तर काही नावांपुढे जून ते ऑक्टोबरपर्यंत हजेरी दिसते आणि नंतर मार्च-एप्रिलपर्यंत ओळ रिकामी जाते. ज्या महिन्यांत वर्गात भागाकार शिकवला जात असतो, त्या महिन्यांत त्या ओळीतील मुलगी फडाजवळच्या कोपीत असते. पाचट आणि ताडपत्रीच्या त्या खोपटातून आईवडील पहाटेच्या अंधारातच बाहेर पडलेले असतात. पाणी भरणे, भाकरी थापणे, झोळीतल्या भावाला झोका देणे, तो रडू लागला तर त्याला कडेवर घेऊन फडाच्या बांधापर्यंत आईकडे नेणे, हा तिचा शाळेच्या वेळेतला दिवस असतो. ती गावी परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि एक-दोन हंगामांनंतर ‘हिला काही येत नाही’ हा शेरा कायमचा होतो. शिकण्यात मागे पडलेली, घरकामात तरबेज झालेली आणि कोपीत एकटी ठेवण्याची धास्ती वाटणारी मुलगी मग लवकर उजवून टाकली जाते. बालविवाहाची बीजे अनेकदा हजेरीपत्रकातील त्या रिकाम्या ओळीतच असतात.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालल्या, मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, स्थलांतर करणाऱ्या मुलाला कोणत्याही शाळेत विनाअडथळा बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. हे उपाय वेळेवर सुरू झाले, म्हणजे टोळी निघण्यापूर्वी वसतिगृहाचे दार उघडले, तर मुलगी गावात राहते. ते महिनाभर उशिरा उघडले, तर ती केव्हाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून गेलेली असते.

घरच्या ताणाला शाळेचा ताण जोडला जाणे हे या विषयातील सर्वांत मोठे दुर्दैव होय. वर उल्लेखलेल्या २००७ च्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मुलांनी शाळेतही शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाल्यापासून, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे. ‘छडी लागे छमछम’ हा समज तरीही पुरता गेलेला नाही. घरी मार खाणाऱ्या मुलाला शाळेत मारले, तर त्याला शिस्त लागत नाही. जग सगळीकडे सारखेच आहे, एवढेच त्याच्या मनावर ठसते. गृहपाठ न आणल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केलेले मूल, ज्याच्या घरी रात्री दिवा नव्हता किंवा दिवा असून शांतता नव्हती, ते अभ्यासाबरोबर शाळेचा लोभही गमावते.

परंतु घर कठीण असले म्हणजे मुलाचे भविष्य बंद झाले, असा निष्कर्ष काढणे ही तितकीच मोठी चूक ठरेल. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती मुले प्रौढ होईपर्यंत आणि त्यानंतरही घेतला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुले गरिबी, व्यसन, घरातील कलह, पालकांचे मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढत होती, आणि अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश पुढे कर्तबगार, आत्मविश्वासू आणि दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसे झाली. कोणत्या गोष्टींनी त्यांना तारले याचा शोध घेता एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: त्यांच्या आयुष्यात किमान एक मोठे माणूस असे होते, ज्याच्यावर त्यांना विसंबता येत होते. कधी ती आजी होती, कधी शेजारीण, आणि पुष्कळदा शाळेतील शिक्षक.

महाराष्ट्राला हा धडा परदेशातून घेण्याची गरज नाही, कारण तो येथे फार आधी प्रत्यक्षात आणला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत का येत नाहीत, या प्रश्नाला ‘त्यांना आवड नाही’ हे सोपे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. मुलांच्या घरी काय चालले आहे हे त्यांनी पाहिले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि ती अंगणवाडी झाली. गुरे राखावी लागतात म्हणून मुले अडकतात असे दिसल्यावर शिक्षक कुरणात गेले, आणि ती कुरणशाळा झाली. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून घरी राहते असे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली, आणि ती विकासवाडी झाली. भावंड पाळण्यात, आणि ताई शेजारच्या वर्गात. मुलाच्या अडचणीला दोष न मानता शाळेच्या रचनेसाठी दिलेली सूचना मानणे, हे या कामाचे मर्म होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या एकात्मिक बालविकास योजनेची केंद्रे आज अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात.

आजच्या सामान्य शाळेला, तेथील शिक्षकाच्या डोक्यावर माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणांची कितीही कामे असली तरी, या मार्गावर चार पावले निश्चित टाकता येतात. ताणाखालील मुलाला सर्वांत आधी लागते ती निश्चिती. रोज त्याच वेळी होणारा परिपाठ, ठरलेले वेळापत्रक, तासाला बदल होणार असेल तर आधी दिलेली कल्पना, या गोष्टी साध्या दिसतात, पण ज्याच्या घरी काहीच ठरलेले नसते त्याच्यासाठी त्या आधार असतात. त्यानंतर अन्नाचा क्रम लागतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, तेव्हापासून शाळेची खिचडी कित्येक मुलांचे दिवसातील भरवशाचे जेवण ठरली आहे. सोमवारी काही मुले दुसऱ्यांदा का मागतात, हे वाढणाऱ्या ताई बहुधा शिक्षकांच्याही आधी ओळखतात. तिसरी गोष्ट सूचना तोडून देण्याची. तीनऐवजी एकेक सूचना, हातचा मनात धरण्याऐवजी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहू देणे, गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास वर्गातच करू देणे, यासाठी पैसा लागत नाही. आणि चौथी, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे विचारण्याची रीत. ‘काय रे, अभ्यास का नाही केला?’ हा प्रश्न वर्गासमोर विचारला, की खरे उत्तर मिळत नाही. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन ‘जेवलास का बाळा? झोप झाली का?’ एवढे विचारले, तर उत्तर आज नाही तरी महिन्याभराने मिळते. ते मिळाल्यावर त्याचा गवगवा शिक्षक-कक्षात होता कामा नये.

काही गोष्टी मात्र शिक्षकाच्या मायेवर सोडता येत नाहीत. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती कळलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘घरातली गोष्ट’ म्हणून ती दाबता येत नाही. संकटातील मुलासाठी १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेली आणि पुढे देशभर पसरलेली १०९८ ही निःशुल्क मदतवाहिनी चोवीस तास चालते. हा क्रमांक भिंतीवर रंगवलेला असतो, पण मुलांना तो पाठ असतोच असे नाही. पाढ्यांइतकाच तो पाठ करून घेण्याजोगा आहे.

पालकांकडे बोट दाखवून हा विषय संपवणेही अन्यायाचे ठरेल. उचल फेडणारी आई, कर्जात बुडालेला बाप, स्वतः मार खाऊन वाढलेले आणि मारण्यावाचून दुसरी रीत न पाहिलेले पालक हे स्वतःही पूर्वीच्या कठीण घरांतूनच आलेले असतात. परंतु गरिबी हटेपर्यंत किंवा व्यसन सुटेपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. दुसरी-तिसरीची वर्षे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून पालकांना जेवढे आज शक्य आहे तेवढे आज करायला हवे: भांडण झाले तर त्यात तुझा दोष नाही हे मुलाला शब्दांत सांगणे, त्याच्या झोपेची वेळ सांभाळणे, आणि घरात काही बिनसले असेल तर लाज न बाळगता एका शिक्षकाच्या कानावर घालणे.

ज्यांच्या घरात असे काही नाही, त्यांच्याही शेजारी, वाडीत, सोसायटीत किंवा कामाच्या ठिकाणी असे एखादे मूल असतेच. कवाई बेटावरील मुलांना तारायला प्रत्येकी एक माणूस पुरे पडले होते. वाचकांनी ते एक माणूस व्हावे. मुलाला रोज नावाने हाक मारावी, त्याची वही पाहावी, आणि त्याचा हातचा सुटलेला दिसला, तर लाल खूण करण्यापूर्वी क्षणभर थांबून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.